कट्टी

मे महिना, जळगाव. सकाळी सातलाच
भिंतीवरचा पारा अडतिसावर.
करंगळीच्या पेराएवढी माझी मापनकुपी,
तिच्यातली हवा तापून विरळ झालेली,
म्हणून ती खऱ्यापेक्षा थोडं कमीच सांगते.
मी वहीत लिहिते: तापमान, दाब, दुरुस्ती,
मग आकडा, मग सही.
रुबाब तडवी म्हणतो, मॅडम, आपल्याकडं हवापण उपाशी.

खाटेवर भागवत फेगडे, सावद्याचे, वय एकाहत्तर.
उजव्या नाकपुडीच्या कडेला
मसुराएवढी, न भरणारी जखम.
एक्केचाळीस वर्षं उन्हात उभं राहून
केळीचा काटा केला. टोपी होती,
पण नाक टोपीच्या बाहेर होतं, म्हणतात.

त्यांच्या नाकावर मेणाचा साचा,
साच्यात उदबत्तीच्या काडीएवढ्या चार नळ्या.
तारेच्या टोकाला इरिडियमचा दाणा, तांदळाच्या कणीएवढा,
तो नळीत शिरेल, ठरल्या जागी थांबेल,
मोजून थांबेल,
आणि परत आपल्या शिशाच्या घरात जाईल.

संगणकाचं गणित असं बेतलेलं
की दाण्याच्या चहूकडे पाणीच पाणी.
खरं म्हणजे एका अंगाला फेगडे
आणि दुसऱ्या अंगाला नुसता मे महिना.
म्हणून साच्यावर मी मेणाची जाड वडी ठेवते.
तेवढंच खोटं पाणी.

"गुरुवारी चारशे बारा सेकंद होते," ते म्हणाले,
"आज पाटीवर चारशे बत्तीस. वाढलं का माझं?"
आकडा विसरणारा माणूस नव्हे हा.
तुमचं नाही काका, दाणाच रोज थोडा विझतो.
पाच दिवसांनी त्याला
तेवढंच काम करायला जास्त वेळ लागतो.
"म्हंजे तोबी म्हातारा झाला," ते हसले,
आणि साचा हलला.

तिथंच मला दिसलं.
नाकपुडीच्या वळणावर, साच्याखाली, उजेडाची एक रेघ.
एक मिलिमीटर. केळीच्या सालीच्या निम्म्याहूनही पातळ.
तोंडाला चव नाही म्हणून माणूस वाळला होता,
साचा मात्र तीन आठवड्यांपूर्वीच्या फेगडेंचाच.

"काय झालं?"
फट आहे. इथून शंभरातले सात कमी पोचले असते.
"मंग सात जास्ती द्या."
तसं नाही होत काका. जिथं फट नाही तिथलं कातडं जळेल.

ते गप्प. मग वर छताकडे बघत,
"मले एक सांग पोरी, तुमच्यात कट्टी किती धरतात?"
आमच्यात कट्टी नसते.
चूक असते. ती किती असू शकते, ते आम्ही लिहून ठेवतो.

"आमच्यात लिहीत नव्हते," ते म्हणाले.
"एक हंगाम मी अंगठा ठेवला होता काट्यावर.
मालक म्हणाला, ठेव. क्विंटलमागं दोन किलो.
कोणाले समजलं नाही.
वॅगनी भरल्या, गेल्या दिल्लीले.
पण हा अंगठा," त्यांनी वर केला,
"रात्री जड व्हायचा."

मी काय बोलणार?
कोमट पाण्यात मेण मऊ केलं.
नाकपुडीवर दाबलं, सोडलं, परत दाबलं.
रुबाबने बॅटरी धरली. रेघ गेली.
परत स्कॅन, परत गणित, दीड तास.
बाहेर पुढचा पेशंट दोनदा डोकावून गेला.
साच्याखाली फिल्मचा नखाएवढा तुकडा सरकवला,
उद्या तो काळवंडून सांगेल
मी म्हणते ते खरं की नाही.

मग जाड दार. लाल दिवा.
पडद्यावर करडे, लहानसे फेगडे,
एकदम स्थिर, मी सांगितलं होतं तसे.
चारशे तीस. चारशे एकोणतीस.
खाटेच्या कठड्यावर त्यांचा उजवा हात,
चार बोटं लोखंडावर टेकलेली,
अंगठा तेवढा
वर, हवेत, कशालाच न लागता.